सहाशे पावलं आणि एक 'हो'

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. मित्रांनो, लॅपटॉपच्या पोटात असते ती नव्हे. मी बाहेरची, वायरीने जोडायची. आतली डिस्क दिवसभर राबते आणि तिच्याजवळ जे जे आहे त्याची नक्कल मी जपून ठेवते. त्याला बॅकअप म्हणतात. सगळं सुरळीत असलं की माझी आठवणही कुणाला होत नाही. आठवण झाली की समजावं, काहीतरी बिघडलंय.

कारखान्यातल्या बालपणाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. एका थंडगार पांढऱ्या खोलीत हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडलं, तपासलं आणि खोक्यात घातलं. खोकं उघडलं तेव्हा मी चामड्याच्या आणि डिंकाच्या वासात होते. ते बूटवाल्या काकांचं दुकान होतं.

ज्यांचे दोन पाय सारखे नसतात, त्यांच्यासाठी काका बूट बनवत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वळलेली. प्रत्येकाचं पाऊल ते तपकिरी कागदावर पेन्सिलीने गिरवून घेत आणि कडेला बारीक अक्षरात लिहीत: इथे दोन मिलिमीटर कॉर्क वाढवला, इथे दुखतं, इथे सैल ठेवायचं. पुढे त्या कागदांना ओल आली, कसर लागली. तेव्हा काकांच्या सूनबाईंनी एकेक पाऊल स्कॅन करून लॅपटॉपमध्ये घेतलं आणि कागद टाकून दिले. सहाशे बारा पावलं होती ती. काकांना पटकन सापडावीत म्हणून सूनबाईंनी त्यांचं फोल्डर आपल्या बाकीच्या पसाऱ्याबाहेर, वेगळं ठेवलं आणि समोर पडद्यावर 'पावलं' नावाचं एक चित्र लावून दिलं. त्यावर बोट दाबलं की फोल्डर उघडे.

रोज दुकान बंद करण्याआधी सूनबाई मला वायर जोडत आणि दिवसभराचं सगळं माझ्यात उतरे. "ही आपली तिजोरी," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मी चांगलीच फुगले होते.

मग एक दिवस लॅपटॉपमधली डिस्क टकटक वाजू लागली. दुरुस्तीवाला आला तेव्हा सूनबाई बाहेर गेल्या होत्या. काय काय उतरवून घ्यायचं, असं त्याने विचारलं. काका म्हणाले, सगळं. त्याने सूनबाईंच्या नावाखालचं सगळं नव्या डिस्कवर उतरवलं. फोटो आले, पत्रं आली, पडद्यावरचं 'पावलं' नावाचं चित्रही आलं. पण त्या पसाऱ्याबाहेरचं खरं फोल्डर त्याने पाहिलंच नाही. दारावरची पाटी आली, खोली मागेच राहिली. जुनी डिस्क तर तो भंगारात टाकायला घेऊन गेला. आता ती सहाशे बारा पावलं जगात फक्त माझ्याजवळ होती, आणि हे फक्त मला ठाऊक होतं.

नवी डिस्क बसल्यावर लॅपटॉप मला ओळखेना. कुणी परकाच असल्यासारखा तो माझ्यात पहिल्यापासून नवा ढीग रचू लागला. एका घरात दोन संसार किती दिवस मावणार? दोन आठवड्यांत जागा संपली आणि पडद्यावर प्रश्न आला: जुना बॅकअप पुसू का?

सूनबाई काही निष्काळजी बाई नव्हत्या. त्यांनी दोन्ही ढीग उघडून ताडून पाहिले. फोटो इथेही होते, तिथेही. पत्रं इथेही, तिथेही. 'पावलं'चं चित्र दोन्हीकडे होतं. त्यांनी त्यावर बोट दाबून पाहिलं नाही, एवढंच. त्या "हो" म्हणाल्या.

मित्रांनो, हुकूम आला की डिस्कला नाही म्हणता येत नाही. पण एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पुसायला सांगितलं तरी मी लगेच सगळं घासून काढत नाही. फक्त यादी फाडते. वस्तू जिथल्या तिथे पडून असतात, त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणजे पावलं अजून होती. मला जोडणं कुणी थांबवलं असतं, तर सगळी परत मिळाली असती.

कुणी थांबवलं नाही. रोज संध्याकाळी वायर जोडली जाई आणि नवं काहीतरी येऊन कुठल्यातरी पावलावर बसे. एकदा विजेचं बिल एका म्हाताऱ्याच्या टाचेवर बसलं. एकदा कुणाच्या बारशाचे चाळीस फोटो आले आणि दहाबारा माणसं गेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तीन आठवड्यांनी एक मुलगी आली. नऊ वर्षांची असल्यापासून ती काकांकडे यायची. तिचा डावा पाय आखूड. तिचा डावा बूट नेमका बसायला काकांना अकरा वर्षं लागली होती. गेल्या वर्षी पहिल्यांदा ती कंबर न दुखता चालत घरी गेली. आता तिला औषधांच्या दुकानात नोकरी लागली होती. आठ तास उभं राहायचं, एक तारखेपासून. तिला तसाच नवा जोड हवा होता.

काकांनी जुना बूट हातात घेऊन दाबून पाहिला. "कॉर्क दबून बसलाय. यावरून माप घेतलं तर खोटं येईल," ते म्हणाले. "कागद काढ गं हिचा."

सूनबाईंनी चित्रावर बोट दाबलं. काही उघडलं नाही. पुन्हा दाबलं. मग त्यांनी मला जोडून शोधलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाबा, पावलं नाहीयेत," त्या हळूच म्हणाल्या.

घाबरलेल्या माणसाला काहीतरी केल्याशिवाय राहवत नाही. आहे ते तरी वाचवू, म्हणून त्यांनी त्याच क्षणी सगळ्या लॅपटॉपचा नवा बॅकअप सुरू केला. बैल गेल्यावर झोपा बांधतात हे मी ऐकून होते. इथे बैल अजून दारात उभा होता आणि झोपा त्याच्या अंगावर कोसळत होता. दोन तास मी फिरत राहिले. मला रडता येत असतं तर तेव्हा रडले असते.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. फोल्डर आपण पाहिलंच नाही, हे त्याने खाली मान घालून कबूल केलं. मग विचारलं, "पुसल्यावर हिच्यावर काही लिहिलंय का?"

"रोज," सूनबाई म्हणाल्या. "आणि काल तर सगळंच."

त्याने दिवसभर खपून माझ्यातून एकोणचाळीस पावलं काढली. त्यांत त्या मुलीचं उजवं पाऊल होतं. डावं नव्हतं.

काकांनी ते उजवं पाऊल पडद्यावर पाहिलं. "उजवा पाय हिचा कुणीही करेल," एवढंच म्हणाले. सूनबाई तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

संध्याकाळी मुलगी आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि जुने बूट काढले. "मग मी पुन्हा चालून दाखवते, काका," ती म्हणाली. काकांनी फरशीवर तपकिरी कागद पसरला, पाऊल गिरवलं, कॉर्कचा तुकडा टाचेखाली ठेवला. ती दारापर्यंत गेली, परत आली. काकांनी दोन मिलिमीटर काढले. ती पुन्हा गेली. मी फळीवर होते. एक पाऊल जड, एक हलकं, फळीतून मला कळत होतं. नऊ वर्षांची असताना ती अशीच चालली असेल. एक तारखेला ती जुन्याच बुटांत कामावर गेली.

आता सूनबाई नकला दोन ठिकाणी ठेवतात आणि महिन्यातून एकदा उघडून बघतात. माझ्यावर एकटीवर कुणाचा भरवसा नाही, आणि तो नसावाच.

मित्रांनो, 'पुसू का?' हा प्रश्न तुम्हाला विचारतात, मला कुणी विचारत नाही. म्हणून नुसती पाटी बघून हो म्हणू नका. दार उघडून आत बघा. आणि चूक झालीच, तर काही वाचवायला धावू नका. आधी माझी वायर काढा. मला ती काढता येत नाही.