पाइपाजवळचा दगड

"सही कर आणि मोकळी हो," ऑर्विनने कागद आर्डिसच्या बशीपाशी सरकवला.

आर्डिसने बशी उचलली, धुतली, पुसून ठेवली. टेकडी खडीच्या खाणीला द्यायच्या त्या कागदाला हात लावला नाही. जमीन नवरा-बायको दोघांच्या नावावर होती, त्यामुळे एकट्याच्या सहीवर खडीवाल्यांचं भागत नव्हतं. टेकडी पोखरत ते थेट जमिनीतल्या पाण्याच्या पातळीखाली जाणार होते. पायथ्याच्या झऱ्याचं काय होईल विचारलं की त्यांचा माणूस म्हणायचा, "फारसा फरक पडणार नाही." फारसा म्हणजे किती, ते देव जाणे.

झऱ्याला ऑर्विनच्या आजोबांनी लोखंडी पाइप बसवला होता, अगदी रस्त्याच्या कडेला. हिवाळ्यात सगळं गोठलं तरी त्याची धार चालू असायची. अख्खी पंचक्रोशी तिथून कॅन भरून न्यायची. पैसे कुणी द्यायचं नाही, तो अपमान झाला असता. पण रिकाम्या हातानंही कुणी यायचं नाही. पाइपाजवळच्या चपट्या दगडावर अंडी, मुरंबा, बिटाचं लोणचं असं काहीतरी ठेवून जायचं. ऑगस्टात तर झुकिनीचा एवढा ढीग लागायचा की ऑर्विन म्हणायचा, भीक नको पण कुत्रं आवर.

खाणीविरुद्ध सह्या गोळा झाल्या आणि दगड रिकामा पडला. गाड्या पाइपापाशी हळू व्हायच्या, मग निघून जायच्या. आर्डिस खिडकीतून बघत राहायची.

"माझा खुब्याचा सांधा गेलाय. गाई विकल्या. आणखी किती हिवाळे मी बर्फ उपसू?" ऑर्विन म्हणाला. "आणि ज्यांच्यासाठी तू अडून बसलीयस, ते तोंड तरी दाखवतात का? तुझी ती मर्ना दुकानातून पाण्याच्या बाटल्या नेताना बघितली मी."

हे तिला लागलं. मर्ना तिची शाळेपासूनची मैत्रीण.

संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये सभा होती. आर्डिसने नेहमीसारखा खजुराचा केक करून नेला. ती आत आली तशी कुजबुज थांबली. म्हातारा एल्मर उभा राहिला. "टेकडीखालचं पाणी एकच आहे. झरा गेला की आमच्या विहिरीही गेल्या. मग मुलाबाळांनी काय खडी चावायची?"

अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "जमीन ज्यांची, त्यांनी द्यायचं ठरवलं असेल, तर आमच्या हातात फार काही उरत नाही."

सगळ्यांच्या नजरा आर्डिसकडे वळल्या. माझी सही नाहीये, एवढंच बोलायचं होतं. ती अर्धवट उठलीसुद्धा. पण शेजारी ऑर्विन काठीवर हनुवटी टेकून बसला होता, आणि घरातलं भांडण चारचौघांत मांडून नवऱ्याला मान खाली घालायला लावायची, हे आमच्याकडे कुणी करत नाही. ती खाली बसली. मर्नाने मान फिरवली.

केकला कुणी हात लावला नाही. भरलेलं ताट तसंच घरी आलं. आर्डिसने ते ओट्यावर ठेवलं, कोटसुद्धा न काढता टेबलाशी बसली आणि सही केली. "घे," ती म्हणाली. "झालं तुझं समाधान?"

ऑर्विनने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. सकाळी कागद घेऊन तो शहराकडे गेला.

तो गेल्यावर थोड्याच वेळात पाइपापाशी गाडी थांबली. मर्ना उतरली. तिच्या हातात लोणच्याची बरणी होती. आर्डिस बाहेर गेली.

"शिव्या घाल मला," मर्ना म्हणाली. "तुमच्याविरुद्ध सही केली आम्ही सगळ्यांनी. मग कुठल्या तोंडानं तुझं पाणी न्यायचं? लाज वाटायची गं. काल तुझा केकसुद्धा घशाखाली उतरला नसता. पण रात्री मनात आलं, तू उठली होतीस. आर्डिस कधी सही करायची नाही, असं मी घरीही सांगितलं."

आर्डिसने बरणी घेतली. झाकणावर तारीख लिहिली होती, गेल्या महिन्याची. तेव्हापासून ती मर्नाच्या गाडीतच फिरत असणार.

"कॅन आणलेस ना?" तिने विचारलं.

"दोन आणलेत."

"दोनाने काय होतंय? घरी असतील तेवढे सगळे घेऊन ये. एल्मरलाही सांग."

मर्नाला हसू आलं. किती दिवसांनी ती मोकळी हसली होती. "अगं, पाणी काय पळून चाललंय?"

आर्डिसने बरणी दगडावर ठेवली आणि पहिला कॅन धारेखाली धरला.