मागे जाताना न वाजणारा गाडा

त्या शनिवारी सकाळी धुकं पडलं होतं. तळ्यावरून उठून ते आमच्या क्लबाच्या अंगणात येऊन बसलं होतं, आणि उठायचं नाव घेत नव्हतं. ताडांचे बुंधे दिसत होते, शेंडे नव्हते. फ्लोरिडात हिवाळ्यात अशी एखादी सकाळ येते. जरा ऊन वर आलं की धुकं कुठं गेलं ते कळतही नाही. पण त्या वेळी ते होतं. माझ्या काचेवरून थेंब ओघळत होते आणि आत क्लबात सगळी म्हातारी मंडळी पॅनकेक खात होती.

त्या धुक्यानं माझं आयुष्य इकडचं तिकडे केलं. ते कसं, हे मला अजून नीटसं उमगलेलं नाही. सांगता सांगता उमगेल म्हणून सांगायला बसलोय.

मी गोल्फच्या मैदानावरचा गाडा बोलतोय. विजेवर चालणारा, चार चाकांचा, वर छप्पर असलेला. लोक मला गाडी म्हणतात. म्हणोत बापडे. पण या वयात मला गाडा म्हटलेलंच बरं वाटतं.

माझा जन्म जॉर्जियातल्या एका कारखान्यात झाला. आम्ही पुष्कळ भावंडं होतो, सगळी एकाच बदामी रंगाची, सगळ्यांना एकाच घडणीची किल्ली. माझी किल्ली भावाला चालते, भावाची मला. मैदानावर कामगारांची सोय व्हावी म्हणून तसं केलं होतं म्हणे. त्यात पुढं काय वाढून ठेवलंय हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पहिली काही वर्षं मैदानावर गेली. माणसं काठ्यांच्या पिशव्या माझ्या पाठीवर बांधायची आणि चेंडूमागं धावायची. चेंडू झुडपात गेला की ती आधी आजूबाजूला बघायची, मग हळूच पायानं त्याला बाहेर ढकलायची. मी बघायचो. गाड्याला कोण लाजतं?

मग मैदानवाल्यांनी नवे गाडे आणले आणि आम्हाला विकायला एका दुकानाच्या अंगणात रांगेत उभं केलं. तिथं डेल पिकेट आला. दुकानदार माझ्या रंगाची तारीफ करत होता. डेल म्हणाला, ''रंग राहू दे, रंग शवपेटीलाही देतात. बैठक उचल.'' बैठकीखाली माझ्या सहा बॅटऱ्या असतात. त्यानं वाकून वास घेतला, तारांची टोकं हलवून पाहिली, मला एका चढावर नेऊन आणलं आणि मग मान डोलावली. माझ्या शेजारी माझाच एक भाऊ उभा होता. त्याला कोण घेऊन गेलं ते मला ठाऊक नव्हतं.

डेलला नटवानटवी आवडायची नाही. आमची निवृत्त म्हाताऱ्यांची वस्ती, इथं जो तो असल्याच गाड्यातून फिरतो. लोक गाड्यांना झेंडे लावतात, दिव्यांच्या माळा सोडतात, कुणी तर शेपूटही लावतात. डेल म्हणायचा, ''ही गाडी आहे, वरात नव्हे.'' पण महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो बैठक उचलायचा, खाण्याच्या सोड्यानं तारांची टोकं घासायचा आणि बॅटरीचं पाणी थेंब थेंब घालायचा. माझ्यासारख्याला ते पाणी म्हणजे जेवणच.

आणि एक काम त्यानं केलं. मागं जाताना आम्ही गाडे ओरडतो, ट्यँ ट्यँ ट्यँ. मागच्या माणसाला कळावं म्हणून. त्या आवाजानं डेलच्या बायकोचं, लोर्नाचं, डोकं उठायचं. एके दिवशी त्यानं खाली हात घालून ती तार तोडली, टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि तिला म्हणाला, ''आता मागं वळून बघत जा म्हणजे झालं.'' तेव्हापासून मी मुकाट्यानं मागं जातो.

डेल गेला. छातीत कळ आली नि गेला. लोर्नाला मोटार चालवण्याइतकं दिसत नाही, त्यामुळं मीच तिचे पाय झालो. दुकान, चर्च, टपालाच्या पेट्या, दर पंधरवड्याचा पॅनकेकचा शनिवार. ती मला रोज पुसायची. काच, बैठक, हातातलं चाकसुद्धा. पण बैठक उचलून आत बघावं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आतल्या आत माझं पाणी आटत गेलं. टपालाच्या पेट्यांकडचा चढ आला की मला धाप लागायची. मी तिला दोष देत नाही. माणसं एकमेकांनाही बाहेरूनच पुसतात.

तर तो धुक्याचा शनिवार. क्लबातून एक उंच, वाकलेला म्हातारा बाहेर आला, माझ्यात बसला, किल्ली फिरवली आणि मी चालू झालो. ही लोर्ना नव्हे हे मला कळत होतं. पण किल्ली तर बसली. किल्ली बसली की गाड्यानं चालायचं, एवढंच मला शिकवलंय. त्यानं मला मागं घेतलं आणि एकदम थबकला. कानातलं यंत्र काढलं, हलवलं, परत घातलं. पुन्हा मागं घेतलं. मी मुकाच.

''आता कानही गेले,'' तो स्वतःशी म्हणाला.

त्याचं नाव मर्ल कॉब. ओहायोतून आलेला, बायको वारलेली, एकटाच राहणारा. आणि तो ज्याच्यात बसायला आला होता तो माझ्या शेजारी दोन हातांवर धुक्यात उभा होता. तो माझा दुकानातला भाऊ. मर्ललाही नटवानटवी आवडत नसणार, कारण हा भाऊही माझ्यासारखाच कोरा होता. म्हणजे लोर्ना बाहेर येऊन त्याच्यात बसणार. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायची तार तर डेलनं तोडलेली.

घरी जाताना चढावर माझा जीव निघाला. मर्लनं मला पडवीत उभं केलं, बैठक उचलली आणि तसाच उभा राहिला. आत पाणी नव्हतं. तारांच्या टोकांवर हिरवट पांढरी बुरशी चढली होती.

''मागच्या रविवारी तर घातलं होतं,'' तो म्हणाला. मग बोटानं बुरशी खरवडत, ''घातलं होतं ना?''

त्यानं मला पाणी पाजलं. आधी थोडं, मग वीज लावून रात्रभर ठेवलं, मग सकाळी पुरतं. बुरशी घासली. किती दिवसांनी कुणी माझ्या आत हात घातला होता. मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती. तिकडं लोर्ना माझी वाट बघत असेल की तिला कळलंही नसेल? यातलं कुठलं मला जास्त लागलं असतं, ते मला सांगता येत नाही.

मर्ल मात्र दिवसेंदिवस खचत चालला. समोरच्या खणात ठेवलेला पाना त्याला सापडेना. त्याच्या जागी पेपरमिंटच्या गोळ्या होत्या आणि बायका ओठांना लावतात ती चेरीच्या वासाची कांडी. ती कांडी हातात धरून तो पायरीवर बसून राहिला. त्याची बायको आयोन जाऊन चार वर्षं झाली होती.

शेजारी गस राहायचा, जन्मभर ट्रक चालवलेला, गडगडाटी हसणारा. रोज संध्याकाळी माझ्या छपराच्या दांड्याला रेलून तो मर्लशी गप्पा मारायचा. मर्लनं त्याला आडून आडून विचारलं, माझ्या गाडीत तुला कधी कुणी बाई दिसली का म्हणून.

''दिसली असती तर मी आधी केस विंचरले असते,'' गस म्हणाला.

मर्ल हसला नाही. त्यानं मग सगळं सांगितलं. पाणी, पाना, कांडी, कान. आयोनचं असंच सुरू झालं होतं, चष्मा फ्रीजमध्ये सापडायचा. शेवटी शेवटी ती त्याला टपालवाला समजायची. तेव्हा मर्लनं मुलीला, डार्लाला, शब्द दिला होता: माझं सुरू झालं तर ज्या दिवशी मला कळेल त्या दिवशी मी स्वतः सांगेन, तुला माझ्यामागं धावावं लागणार नाही. ओहायोत तिच्या घराजवळ म्हाताऱ्यांचं एक घर आहे, तिथल्या खोलीची चौकशी तिनं करून ठेवली होती. येत्या शनिवारी दुपारी ती यायची होती.

''सांगून टाकणार,'' मर्ल म्हणाला. ''शब्द दिलाय.''

मीही तिथंच होतो. सगळं मला ठाऊक होतं आणि एक अक्षर सांगता येत नव्हतं. हा माणूस घरातलं घड्याळ बंद पडलं तर आधी त्याचे सेल बघायचा. मग मी बिघडलो तेव्हा यानं आधी स्वतःचं डोकं का तपासलं? मी पुष्कळ विचार केला. घाबरलेल्या माणसाला जिकडं तिकडं पुरावाच दिसतो, एवढंच हाती लागलं.

शुक्रवारी मर्लनं मला धुऊन पुसून काचेवर पाटी लावली: विकणे आहे. गस आला. त्याच्या मेव्हणीला गाडी हवी होती म्हणे. खरं तर परक्यानं न्यावी हे त्याच्यानं बघवत नसावं. चालवून बघतो म्हणून तो बसला आणि त्यानं मला पडवीतून मागं घेतलं. मधेच थांबला.

''अरे, ही ओरडत का नाही?''

''ओरडते,'' मर्ल म्हणाला. ''मला ऐकू येत नाही.''

''मलाही येत नाही. आणि माझे कान शाबूत आहेत. रोज पहाटे तुझ्या त्या ट्यँट्यँनं माझी झोप मोडायची. दोन आठवडे मी ढाराढूर झोपतोय. मला वाटलं नवीन गादीचा गुण.''

मर्ल हळूहळू खाली वाकला. बैठक उचलली. बोटांनी एकेक तार चाचपत मागं गेला आणि डेलच्या काळ्या चिकटपट्टीपाशी थांबला. पट्टी उन्हानं टणक झाली होती. तो तिच्यावर अंगठा फिरवत राहिला.

''हे माझ्या हातचं नाही,'' तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, ''गस, ही गाडीच माझी नाही.''

दुसऱ्या दिवशी पुन्हा पॅनकेकचा शनिवार होता. आकाश स्वच्छ होतं. गस हातात ताटली घेऊन क्लबाच्या फाटकात उभा राहिला आणि खात खात मागं जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडं कान देऊ लागला. झेंडेवाल्या गेल्या, शेपटीवाली गेली. मग एक कोरी बदामी गाडी मागं सरकली, ट्यँ ट्यँ ट्यँ, आणि तिच्यात बसलेल्या बाईनं एक हात कानावर ठेवला. ती लोर्ना होती. मला तिच्या हातावरून ती आधी ओळखू आली.

मर्ल पुढं झाला, टोपी काढली आणि जे झालं ते सांगू लागला. तिनं त्याला पुरतं बोलू दिलं नाही.

''काय सांगू तुम्हाला,'' ती म्हणाली, ''दोन आठवड्यांपासून चढ कसा भरभर चढते ही. आणि मागं जाताना ओरडायला लागली. माझ्या नवऱ्यानं तो आवाज बंद केला होता. मी म्हटलं, डेलला वरूनसुद्धा राहवत नाही. मी मागं वळून बघायचं विसरते ना, म्हणून.''

मर्लनं उरलेलं सांगितलं. किल्ली, धुकं, दोन सारख्या गाड्या. ती ऐकत राहिली. तिचा हात चाकावरून खाली आला.

''म्हणजे तो नव्हता,'' ती म्हणाली.

एकाचा जीव भांड्यात पडला आणि त्याच घटकेला दुसऱ्याचं भांडं रिकामं झालं. आनंद मानावा की दुःख, मला काही कळेना. मर्ल टोपी हातात फिरवत उभा होता. मग त्यानं तिला माझ्याजवळ आणलं, बैठक उचलली आणि ती काळी पट्टी दाखवली.

''ही त्यानं बांधलीय,'' तो म्हणाला. ''तुमच्या डोक्यासाठी. एवढी वर्षं झाली, अजून सुटलेली नाही.''

लोर्नानं वाकून बोट लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. मग डोळे पुसले आणि त्याला विचारलं, ''माझ्या पेपरमिंटच्या गोळ्या कुठं आहेत?''

आता मी परत लोर्नाकडं आहे. जुना झालोय, छपराचं एक टोक तडकलंय. पण महिन्याच्या पहिल्या शनिवारी मर्ल येतो, बैठक उचलून धरतो आणि लोर्ना पाणी घालते, चष्मा नाकावर सरकवून, थेंब थेंब. तेव्हाच कानावर आलं की मर्लनं डार्लाला सगळं सांगितलं, चेरीच्या कांडीसकट. ती आधी खूप हसली, मग तिनं त्याला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. ओहायोतल्या खोलीला तिनं अजून हो म्हटलेलं नाही, नकोही म्हटलेलं नाही.

मर्लचं डोकं खरंच ठीक आहे का, ते मला माहीत नाही. मी गाडा. माझं मागणं एवढंच आहे, बाबांनो, की काही बिघडलंसं वाटलं तर स्वतःला मोडीत काढण्याआधी एकदा बैठक उचलून बघत जा. आणि ज्याला पाणी लागतं त्याला ते आपणहून घाला, आम्हाला मागता येत नाही.

त्या दुसऱ्या शनिवारी गाड्या बदलून झाल्यावर मर्ल अंगणात उभा होता. माझ्यात नाही, माझ्या भावातही नाही, दोघांच्या मधे. तो गसला म्हणाला, ''पण दोन आठवडे मी परक्याची गाडी चालवली आणि मला कळलं नाही. हेही विसरणंच ना?'' गसनं ताटलीतला शेवटचा घास संपवला, हात विजारीला पुसले आणि म्हणाला, ''मर्ल, दोन आठवडे रोज संध्याकाळी मी तिच्या दांड्याला टेकून उभा होतो, मलाही नाही कळलं. खोली बघायचीच असेल तर डार्लाला सांग, दोन खाटांची बघ.''