पत्र्यावरचा रंग

मी एक जुनी मोटार आहे. मित्रांनो, माझे वय विचाराल तर सांगेन, वजन विचाराल तर तेही सांगेन. पण माझा रंग कोणता हे मात्र कृपा करून विचारू नका. त्या एका प्रश्नाने मला आणि एका चांगल्या कुटुंबाला दोन महिने वेड लावले होते. मोटारीला स्वतःचे अंग दिसत नाही. माझे दिवे पुढे पाहतात, आरसे मागे पाहतात. मी कशी दिसते हे मला लोकांच्या तोंडूनच कळते, आणि लोकांचे एकमत होईल तर शपथ.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा ठोकून, वाकवून, जोडून मला घडवले. दोनच दारे, गोल नाक आणि बेडकासारखे बाहेर आलेले डोळे. तिथे रंगांना नावे नव्हती, नंबर होते. त्यामुळे माझा नंबर मला ठाऊक होता, रंग नव्हता.

दुकानात उभी असताना एक तरुण बसचालक आणि त्याची बायको मला पाहायला आली. पुढे त्यांची मुले त्यांना आई-बाबा म्हणू लागली, म्हणून मीही तसेच म्हणते. बाबांनी माझ्या बॉनेटवरून तळहात फिरवला. घरी नेल्यावर ते शेजाऱ्यांना म्हणाले, "हिरवी मिळाली. मनासारखं झालं." शेजारी माझ्याकडे पाहतच राहिले आणि घरात गेले.

मी स्वतःला हिरवी समजू लागले. पण गल्लीतली मुले मला लाल गाडी म्हणत. दूधवाल्या बाई विटकरी म्हणत. आई घरात हिरवी म्हणे आणि बाहेर माझ्या रंगाचा विषयच काढत नसे. मला वाटे, माणसांच्या भाषेत एकाच रंगाला बरीच नावे असतील.

ते दिवस फार सुखाचे होते. बाबा दिवसभर बस चालवत आणि सुट्टीच्या दिवशी मला धुऊन पुसून बाहेर काढत. मग त्यांना मुलगी झाली. ती वर्षाची असताना आम्ही चौघे, म्हणजे मला धरून चौघे, एका अनोळखी गावी निघालो. तिथल्या मोठ्या चौकात सिग्नलचे दिवे एकाखाली एक नव्हते, एकाशेजारी एक आडवे टांगलेले होते. बाबा गोंधळले. त्यांनी मला पुढे नेले, लगेच करकचून ब्रेक लावला. समोरून आलेला ट्रक माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर थांबला. मुलगी रडू लागली.  आईने बाबांच्या हातावर हात ठेवला. 

आठवड्याभरात बाबांनी मला विकले. "ठेवायला जागा नाही," असे सगळ्यांना सांगितले. जागा तर होती. माझे काय चुकले ते मला मुळीच कळेना.

त्यानंतर मी एका पाववाल्याकडे पांढरी झाले. पुढे जमीन मोजणाऱ्या एका साहेबांकडे निळी झाले. शेवटी कोणीतरी घाईघाईत करड्या रंगाचा हात मारला आणि मला एका फर्निचरच्या गोदामामागे नेऊन उभे केले. नंबरप्लेटही मधल्या काळात बदलली होती. सुरुवातीला लोक थांबून म्हणत, "काय दणकट गाडी आहे!" मग थांबेनासे झाले. टायर बसले, खिडकीची काच फुटली, आणि एका कोंबडीने माझ्या मागच्या सीटवर तीन उन्हाळे अंडी घातली. खोटे कशाला बोलू, तिच्या सोबतीने मला बरे वाटायचे.

मग एके दिवशी एक बाई आली. बेचाळिशीची, दंडावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग. ती लोखंडी जिने आणि फाटके बनवण्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होती. तिने माझे बॉनेट उघडले, बॅटरीचा प्रकाश आत टाकला आणि हातातल्या जुन्या कागदाशी चासीचा नंबर ताडून पाहिला. कागदाचा कोपरा कसरीने खाल्ला होता. "शेवटचे दोन आकडे नाहीत," ती स्वतःशीच म्हणाली. "बाकी जुळतंय. तीच असणार."

ती त्या बाबांची लेक होती. आई सहा वर्षांपूर्वी गेली होती. बाबा अठ्ठ्याहत्तरचे, घरी एकटेच राहत. बोलता बोलता ते हमखास माझ्यावर येत, म्हणून लेक तीन वर्षे मला शोधत फिरली होती.

तिने मला वर्कशॉपच्या एका कोपऱ्यात घेतले आणि जुनी तशीच्या तशी न ठेवता आपल्या मनाप्रमाणे नव्याने उभारायला घेतले. इंजिन नव्या जमान्याचे बसवले. ब्रेक बदलले. पाठ दुखणाऱ्या माणसाला बसता येईल अशा खुर्च्या लावल्या. छान वाटत होते, पण मनातून मी धास्तावले होते. हृदय दुसऱ्याचे, पाय दुसऱ्याचे. मग माझे म्हणून उरले काय? पत्रा आणि रंग. त्यातला रंग ठरेना.

बाबांना मला पाहायला आणले. ते काठी टेकत माझ्याभोवती फिरले, बॉनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "हीच."

लेकीचा धाकटा भाऊ सोबत आला होता. तो दुसऱ्या शहरात नोकरीला होता. "बाबा, नंबरप्लेट वेगळी आहे," तो म्हणाला.

"नंबर बदलला असेल. हीच आपली. हिरवी होती, शेवाळासारखी."

लेकीने लगेच पेंटरबाईंना बोलावले. या बाई तीस वर्षे गाड्या रंगवत होत्या, आणि कामापुरतेच बोलत. त्यांनी पॉलिश पेपर पाण्यात भिजवला आणि माझ्या दारावर एक गोल घासत नेला. कांदा सोलावा तशी मी सुटत गेले, आणि पेंटरबाई एकेका रंगाचे नाव घेत गेल्या. करडा गेला, निळा आला. निळा गेला, पांढरा आला. पांढऱ्याखाली विटकरी आला. त्याच्याखाली अस्तर, आणि मग नुसता पत्रा.

"हिरवं काहीच नाही," पेंटरबाई म्हणाल्या. "कारखान्याचा पहिला हात विटकरी आहे."

लेकीने दुसऱ्या दारावर घासायला लावले, मग डिकीवर. सगळीकडे तेच. ती स्टुलावर बसली ती बराच वेळ उठली नाही. मीही सुन्न झाले. मी बाबांची गाडी नव्हेच की काय? तो तळहात मला ओळखीचा वाटला होता. पण मोटारीच्या आठवणीवर कोण विश्वास ठेवणार? मलाच ठेवता येईना.

भाऊ मात्र रंगाने नव्हे, वेगळ्याच गोष्टीने अस्वस्थ होता. "ताई, एक तर ही गाडी दुसरी आहे, नाहीतर बाबांना आठवत नाही," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात गॅस चालू ठेवून ते झोपले. मी त्यांना माझ्याकडे नेतो म्हटलं तर तू म्हणालीस, डोकं शाबूत आहे. हे शाबूत?"

"त्यांना घर सोडायचं नाहीये."

"मलाही त्यांना ते सोडायला लावायचं नाहीये. पण उद्या काही झालं तर? रविवारी सामानाचा टेम्पो सांगितलाय मी."

 इतके दिवस लेक बाबांच्या बाजूने भांडत होती; आता तिने माझ्या दारावरच्या गोलावर फडके टाकले. मित्रांनो, माझ्या अंगावरच्या एका गोलामुळे एका माणसाचे घर सुटायची वेळ आली होती. मला भोंगा वाजवून सांगावेसे वाटले की थांबा. पण काय सांगणार? मलाच काही कळत नव्हते.

पेंटरबाईंनी हात पुसले. "रविवारला चार दिवस आहेत," त्या म्हणाल्या. "मी पत्र्याचे तुकडे रंगवून आणते. काकांनाच निवडू दे."

शनिवारी सकाळी त्यांनी भिंतीला सहा पत्रे उन्हात टेकवून ठेवले. पांढरा, निळा, पिवळा, करडा, शेवाळी हिरवा आणि विटकरी. बाबा समोर उभे राहिले, मग खुर्ची मागून बसले. त्यांनी घाई केली नाही. शेवटी काठीचे टोक विटकरी पत्र्यावर टेकवले.

"हा. हाच आमचा हिरवा."

भावाने बहिणीकडे पाहिले. बाबांनी मग काठी शेजारच्या शेवाळी पत्र्यावर नेली. "हाही तोच की. एकच रंग दोनदा कशाला लावलाय?"

 पेंटरबाई खाली वाकल्या आणि अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारले, "काका, घरी टोमॅटो पिकलाय की कच्चा आहे, हे कोण बघायचं?"

बाबांनी काठी मांडीवर आडवी ठेवली.

"यांची आई बघायची," ते म्हणाले.

"माझ्या मामांचं असंच होतं," पेंटरबाई लेकीला म्हणाल्या. "लाल आणि हिरवा त्यांना वेगळे दिसायचेच नाहीत. जन्मापासून. डोकं अगदी लख्ख."

मग बाबा बोलू लागले. पन्नास वर्षे दाबून ठेवलेले बोलायला किती वेळ लागतो? तेवढाच लागला, चहा निवण्याइतका. नोकरीत डोळे तपासत तेव्हा रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायचे एक पुस्तक दाखवत. आई तिथल्याच दवाखान्यात कामाला होती. दोघांचे लग्न ठरले होते. तिने ते पुस्तक पानापानाने बाबांकडून पाठ करून घेतले. कळले असते तर बस गेली असती, आणि बसशिवाय बाबांना काही येत नव्हते.

"माझ्या रस्त्यावर अकरा सिग्नल," बाबा म्हणाले. "सगळे उभे. वरचा दिवा लागला की थांबायचं, खालचा लागला की निघायचं. तो रस्ता मी कधी सोडला नाही. पण त्या गावी दिवे आडवे होते. ताई मांडीवर होती तुझ्या आईच्या." ते थांबले. "बस चालवत राहिलो, ते बरोबर केलं असं मी म्हणत नाही. पण घरच्यांना घेऊन अनोळखी रस्त्यावर जायची हिंमत राहिली नाही. म्हणून विकली."

इतकी वर्षे मी स्वतःला दोष देत होते. माझे काहीच चुकले नव्हते.

भाऊ हळूच बाबांच्या खुर्चीशेजारी खाली बसला. "तुम्हाला लांबच्या गाड्या देत होते. पगारही जास्त होता. तुम्ही नाही म्हणालात. मला वाटायचं, तुम्हाला आमच्यासाठी धडपडायचं नाही."

"मला ठाऊक आहे तुला काय वाटायचं," बाबा म्हणाले.

"मग सांगितलं का नाहीत? आता तर नोकरीही नाही."

"सवय, बाळ."

लेकीने विचारले, "पण गाडी हिरवी म्हणून का घेतलीत?"

बाबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आले. "मला हिरवी हवी होती. दुकानात हिला पाहून मी विचारलं, हिरवी आहे ना? तुझ्या आईने हिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, हिरवीच आहे, घेऊ या. पुढे लोक लाल म्हणू लागले, तेव्हा मी चिडलो. ती म्हणाली, दुकानात एवढी एकच उरली होती आणि तुमचा हात तिच्यावरून निघत नव्हता. तुम्ही हिरवी म्हणा, मीही हिरवी म्हणेन. बाकीच्यांशी आपल्याला काय करायचंय?"

पेंटरबाईंनी उगाचच ब्रश पुसायला घेतला.

"मग आता कुठला द्यायचा?" लेकीने विचारले.

"तुझ्या आईने घेतला तो."

"म्हणजे कुठला, बाबा?" भाऊ खरोखरच गोंधळला होता. "पत्र्यावरचा, की तोंडातला?"

बाबांनी विचार केला. "पत्र्यावरचा," ते म्हणाले. "तोंडातला माझ्याकडे आहे."

पेंटरबाईंनी मला विटकरी रंगाचे चार हात दिले. प्रत्येक हातानंतर घासले, वाळवले, पुन्हा दिला. टेम्पो भावाने त्याच दुपारी फोन करून रद्द केला. "गॅसचं काय?" तो म्हणाला. "गॅस मी विसरलो होतो, ते खरं आहे," बाबांनी कबूल केले. तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात आपोआप बंद होणारी शेगडी आली, आणि भाऊ दर पंधरवड्याला राहायला येऊ लागला. बाबा किल्ल्या अजूनही विसरतात. म्हातारपण आहे, ते रंगाने झाकता येत नाही.

पेट्रोलपंपावरची बाई परवा म्हणाली, "काय झकास लाल गाडी आहे."

"हिरवी आहे," बाबा म्हणाले.

तिने लेकीकडे पाहिले. लेक म्हणाली, "हिरवीच आहे," आणि टाकीचे झाकण लावले. ती बाई बिचारी आम्ही निघेपर्यंत माझ्याकडे पाहत होती. तिचा गोंधळ मला चांगलाच समजतो.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू कुठे धूळ खात उभी दिसली तर तिच्या अंगावर बोटाने नावे गिरवू नका. ओरखडा कायमचा राहतो. ओल्या फडक्याने एक कोपरा पुसून पाहा, खाली काय आहे ते. आणि घरातले म्हातारे माणूस लाल वस्तूला हिरवी म्हणाले, तर त्याचे डोके गेले असे ठरवून सामान बांधायला घेऊ नका. आधी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसा आणि विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. लागू द्या.

आता लेक मला चालवते आणि बाबा तिच्या शेजारी बसतात. चौकात आम्ही थांबतो. मागच्या गाड्या भोंगे वाजवतात, पण लेक पुढे पाहत नाही, बाबांकडे पाहते. बाबा मान ताठ करून दिव्यांकडे बघत असतात. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोकळ्या आवाजात ते म्हणतात, "खालचा लागला. चल."

आणि मी निघते.