वाढीव तपासणीचा विषय

सरकारी कामात एखादी गोष्ट तपासायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ती दोनदा बांधून होते. हे मी चिडून म्हणत नाही, चिडायचे दिवस गेले. नगरपरिषदेत कनिष्ठ अभियंता म्हणून बारा वर्षं काढल्यावर रागाच्या जागी जांभई येते.

आमच्या गावात जुन्या भाजीबाजाराच्या जागेवर तीन मजली वाहनतळ उभा राहतोय. तिथे बसणाऱ्या बायकांना नाल्याच्या काठाने 'तात्पुरतं' बसवलं आणि तळमजल्यावर तुम्हाला ओटे बांधून देऊ असं सांगितलं. सांगितलं मीच. साहेबांनी मला पुढे केलं, कारण बायकांशी बाईने बोललेलं बरं असतं म्हणे. त्या दिवसापासून मानीबाई माझ्या मानगुटीवर बसली आहे.

मानीबाई पलीकडच्या तांड्यावरची, साठीला टेकलेली. वांगी, हिरव्या मिरच्या, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या विकते. नाल्याकाठी सावलीला एक झाड नाही. गेल्या मे महिन्यात तिच्या शेजारी बसणारी रुपीबाई भोवळ येऊन पडली, दवाखान्यातून घरी गेली आणि पुन्हा बाजारात आली नाही. तेव्हापासून मानीबाई दर मंगळवारी बाजार उठला की ऑफिसात येते आणि माझ्या टेबलासमोर उभी राहून एकच विचारते.

"म्याडम, ओटे कवा?"

"स्लॅबचा रिपोर्ट आला की."

रिपोर्ट येणारच नव्हता. स्लॅब टाकताना त्याच काँक्रीटचे काही ठोकळे भरून ठेवतात, महिनाभर पाण्यात बुडवतात आणि मग प्रयोगशाळेत फोडून त्यांची ताकद पाहतात. आमच्या दुसऱ्या स्लॅबचे ठोकळेच टाकीतून गायब झाले. ठेकेदार म्हणाला, नगरपरिषदेने जागेला कुंपण घातलं नाही, म्हणून चोरी झाली. साहेब म्हणाले, ठोकळे सांभाळायचं काम ठेकेदाराचं. काम थांबलं. आता नागपूरहून त्रयस्थ संस्था आणायची, स्लॅबला भोकं पाडून नमुने काढायचे, भोकं बुजवायची आणि बुजवलेली भोकं पुन्हा तपासायची. या सगळ्याला आमच्याकडे 'वाढीव तपासणी खर्च' म्हणतात. तो अंदाजपत्रकात नव्हता, म्हणून सभेपुढे गेला, आणि सभेने तो पुढे ढकलला. मग पुन्हा ढकलला.

मार्चमधल्या एका दुपारी नाला तुंबल्याची तक्रार पाहायला गेले होते. तेवढ्यात वावटळ उठली. बायकांच्या ताडपत्र्या उडाल्या, टमाटे रस्त्यावर लोळले. मानीबाईची ताडपत्री मात्र जागची हलली नाही. तिच्या दोऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांना बांधलेल्या होत्या. एका ठोकळ्यावर खिळ्याने तारीख कोरली होती. अक्षर आमच्या सुपरवायझरचं.

"मानीबाई, हे कुठून आणले?"

"त्या बांधकामावरून. आमी पानी भराले जातो ना तिथं. टाकीत बुडून पडले होते." ती ठोकळ्यावर हात फिरवत म्हणाली, "कामाचे असते त कोनी पान्यात कायले टाकलं असतं? पोटाशी धरून आनले, म्याडम. कंबर गेली माही. पन वजनदार हायेत."

मला हसू आलं आणि लगेच मी मागे वळून कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

"काहून?" तिने विचारलं. "परत लागतेत का?"

"नाही. राहू द्या."

इतके दिवस उन्हात तापलेले ठोकळे आता फोडून काही कळणार नव्हतं. तिचं नाव घेतलं असतं तर ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी पोलिसात तक्रार दिली असती, खर्चातून अंग काढून घेतलं असतं आणि ओट्यांच्या यादीतून मानीबाईचं नाव सगळ्यात आधी गेलं असतं. तिचा ओटा वाचवायचा तर तोंड बंद ठेवायचं, एवढं सरळ होतं.

एप्रिलच्या सभेत विषय पुन्हा आला. साहेबांनी विचारलं, "ठोकळ्यांचा काही तपास लागला?"

"नाही, सर."

अर्धा खर्च ठेकेदाराने आणि अर्धा नगरपरिषदेने सोसावा, असं ठरलं. हात वर झाले, चहा आला.

नागपूरची माणसं आली. त्यांनी भोकं पाडली, आमच्या खर्चाने जेवली आणि भाजी तिखट झाल्याची कुरकुर करून गेली. पंधरवड्याने निकाल आला. स्लॅब मजबूत निघाला. खरं सांगते, मला आनंद झाला, फार दिवसांनी झाला.

तो दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी सुधारित अंदाजपत्रक माझ्या सहीसाठी टेबलावर आलं, आणि त्यात ओटे नव्हते. मी ते घेऊन तशीच साहेबांकडे गेले.

"मॅडम, तपासणीचा अर्धा खर्च आपल्यावर आला, तो कुठून काढायचा?" ते म्हणाले. "लिफ्टला हात लावता येत नाही. जिना तर पाहिजेच. ओटे तेवढे वगळण्यासारखे होते. तिथे मोटारसायकली लावू, चार पैसे येतील."

"आणि त्या बायका?"

"बसल्यात ना नाल्याकाठी. त्यांची लेखी तक्रार आहे का काही?"

मी वाद घातला. दोनदा आवाजही चढवला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. मी सही केली. स्वतःची लाज वाटली आणि हात मात्र सवयीने चालला.

मंगळवारची वाट पाहवेना, म्हणून मीच नाल्यावर गेले. मे महिना होता, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. मानीबाईने मला ताडपत्रीखाली ओढून घेतलं, पोत्यावर बसवलं आणि पाण्याचा गिलास हातात दिला.

"स्लॅब पास झाला म्हन्ते, म्याडम! आमचा लखन सांगून राह्यला होता." लखन तिचा मुलगा. "म्या रुपीबाईलेबी निरोप धाडला. म्हटलं, आता सावलीत बसू, ये तू परत. थे म्हने, येतो."

मी गिलास खाली ठेवला आणि ऑफिसात बोलते त्याच आवाजात सांगितलं. तपासणीचा खर्च वाढला, त्यात ओटे गेले, आता होणार नाहीत. खर्च कशाने वाढला ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते तिने जन्मभर वागवलं असतं.

ती बराच वेळ मिरच्यांवर पाणी शिंपडत राहिली.

"मंग त्या जागेवर काय ठेवतीन?"

"मोटारसायकली."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "त्यायले ऊन लागते का, म्याडम?"

टोमणा मारला असता तर मी निमूट ऐकून घेतला असता. पण ती खरंच विचारत होती.