एकशे सव्वीस विसा

गिरणीत जेवणाची सुट्टी झाली की चन्नवीर भाकरीचं फडकं सोडून घटकाभर नुसताच बसायचा. अशा वेळी त्याला घरचा हातमाग आठवायचा, आणि मागाशेजारी चिंचोके मांडून बसलेली थोरली बहीण, गौरम्मा अक्का.

एकोणीसशे तेवीस सालची गोष्ट. दुधनीच्या चनमल्लप्पा व्यापाऱ्यांनी लुगडी विणायला सांगितली, सात रंगांचे सारखे पट्टे हवेत म्हणून. चन्नवीरच्या ताण्यात, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांत, नेहमी चोवीसशे धागे असायचे. सातांत वाटले तर सहा उरले.

"कडेच्या पट्ट्यांत दडपतो की," चन्नवीर म्हणाला.

"मग पट्टे सारके कुटं ऱ्हायले?" अक्का म्हणाली. "आज सात मागितले, उद्या कुणी नऊ मागंल. नऊला बी सहाच उरतात. थांब जरा."

अक्काला अक्षरओळख नव्हती. ती विसांनी मोजायची. चोवीसशे म्हणजे एकशे वीस विसा. तिनं अंगणात चिंचोक्यांचे ढीग मांडले. एक वीस वाढवायची, सातांत वाटून बघायची, नऊंत वाटून बघायची, मोडायची. शेजारणी हसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी, सहावी वीस घातली, तेव्हा तिनं हाक मारली, "चन्ना, ये रं, बघ की!"

एकशे सव्वीस विसा. दोन हजार पाचशे वीस. सातांत सरळ, नऊंत सरळ. मग दोघांनी एकापासून दहापर्यंत सगळ्यांत वाटून पाहिलं. कुठंच एक चिंचोका उरला नाही. चन्नवीर लगेच तेवढे धागे मोजायला बसला.

अक्काचं मात्र समाधान होईना. शाळेतल्या रावजी मास्तरांच्या ओट्यावर जाऊन तिनं विचारलं, "मास्तर, दहापतुर सगळ्यांस्नी पुरंल असा याच्याहून ल्हान आकडा हाय का?"

मास्तर आधी हसले, मग पाटी घेऊन बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "नाही, गौरम्मा. आठ, नऊ, पाच आणि सात, या चौघांतल्या कुठल्याही दोघांना ज्यानं भाग जाईल असा एकाहून मोठा आकडा नाही. चौघांनाही पुरायचं तर त्यांचा गुणाकारच हवा. तो हाच. बाकीचे सगळे त्यात आपोआप बसतात."

"म्हंजे मला गावला त्योच पयला?"

"तोच पहिला."

अक्का पदर तोंडाशी धरून हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नवरा गेल्यावर ती माहेरी आली होती. त्यानंतर तिला असं हसताना चन्नवीरनं पहिल्यांदाच पाहिलं.

पुढं आठ वर्षं त्यांच्या मागावर तेवढेच धागे चढले. मग दुधनीहून, अक्काच्या सासरहून, निरोप आला, तिच्या सासूची दृष्टी गेली होती. अक्का म्हणाली, "म्हातारीला कोण हाय?" आणि गाठोडं बांधून निघाली. एकट्याच्यानं माग चालेना. चन्नवीर गिरणीत लागला. तिथं धाग्यांचा आकडा कागदावर छापून यायचा आणि तो का, हे कुणी विचारत नसे.

भोंगा झाला. चन्नवीरनं भाकरीचं फडकं झटकलं आणि तो आत गेला. येत्या अमावास्येच्या सुट्टीला दुधनीला अक्काकडे जायचं त्यानं ठरवून टाकलं होतं.