हिरव्या गाडीचं जन्मसाल

या, असे जवळ सरका. मला ओरडावं लागू नये आणि तुमचा एक शब्द निसटू नये, इतके जवळ. एका गाडीची गोष्ट सांगतो. पण ऐकताना डोळा गाडीवर कमी आणि माणसांवर जास्त ठेवा.

गल्ली ज्यांना मामा म्हणे, त्यांच्याकडे एक हिरवी विलायती स्पोर्ट्स कार होती. दोनच माणसांची, आणि इतकी बुटकी की आत शिरताना मोठमोठ्या माणसांनाही वाकावंच लागे. मामी तिला सवत म्हणायच्या. या सवतीला चाळीस वर्षं चालतं ठेवलं ते मिस्त्रींनी. यंदा त्यांचे हात थरथरायला लागले, गॅरेजला कुलूप घालायचं ठरलं, तेव्हा मामांनी शब्द दिला, "मिस्त्री, सगळा जन्म गाडीखाली झोपून काढलात. यंदा जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत माझ्या शेजारी वर बसायचं."

मिस्त्रींनी त्याच दिवशी पांढरा शर्ट धुऊन ठेवला.

आणि नेमकं इथेच घोडं अडलं. मिरवणूक काढणाऱ्या मंडळानं नवा नियम केला: एकोणसत्तरच्या मॉडेलपर्यंतच प्रवेश. नियम अध्यक्षांचा. अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडेही अगदी तश्शीच हिरवी गाडी होती आणि ती नेमकी एकोणसत्तरची होती, हा केवळ योगायोग.

रविवारी सकाळी मिस्त्रींच्या गॅरेजात तपासणी बसली. डॉक्टर स्वतःच्या गाडीतून आले. तिची तपासणी करावी असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. सोबत मंडळाचे दोघे सभासद, वकील आणि घड्याळजी. तिघांचे तीन पंथ.

वकिलांची श्रद्धा कागदावर. नोंदणीच्या पुस्तकातली नंबराची जागा उंदरांनी फस्त केली होती, तारीख तेवढी शिल्लक होती. "मार्च सत्तर," वकील म्हणाले.

घड्याळजींनी काट्यांच्या तबकड्यांमागे मान घातली. "वेगाचा काटा बाहत्तरचा."

"तो मीच बदललाय," मिस्त्री म्हणाले. "आधीचा काटा चढावर झोपायचा."

डॉक्टरांनी दोघांनाही हातानंच गप्प केलं. "नोंदणी म्हणजे शाळेत नाव घातल्याची तारीख. जन्माची नव्हे."

"माझी तर जन्माचीही मास्तरांनी अंदाजानंच लिहिली," मिस्त्री पुटपुटले. "मला नाही कुठून कोणी हाकललं."

डॉक्टरांनी बॉनेट उचललं, सवयीनं "आ करा" म्हणाले, आणि दातांचा छोटा आरसा आत घालून तिथे ठोकलेल्या पत्र्याच्या पट्टीवरचा नंबर वाचला. मग जाडजूड पुस्तक चाळलं. "या नंबराची गाडी बनली नोव्हेंबर एकोणसत्तरमध्ये."

मामांनी उडीच मारली. "म्हणजे एकोणसत्तरच!"

"घाई नको." डॉक्टरांचं निरूपण सुरू झालं. "कारखान्याचं वर्ष ऑक्टोबरात उलटतं. नोव्हेंबरात बनली ती पुढच्या सालाची. मॉडेल सत्तरचं."

"अहो, दीड महिन्यासाठी?"

"दाढ किडली ती किडली. थोडीशी किडली, असं नसतं."

मामी चहा घेऊन आल्या होत्या. "लग्नाला पस्तीस वर्षं झाली, माझ्या जन्मसालाची एवढी चौकशी कधी केली नाहीत!"

"तुझ्यावर पट्टी ठोकलेली नाही ना," मामा म्हणाले. पण त्यांच्या डोळ्यांपुढे तो पांढरा शर्ट लोंबत होता. "डॉक्टर, मिस्त्रींची ही शेवटची..."

"त्यांना बघायला पुढच्या रांगेत खुर्ची देऊ की!"

मिस्त्री बराच वेळ फडक्यानं हात पुसत होते. हात स्वच्छच होते. "एक बोलायचं राहिलंय," ते म्हणाले. "बारा वर्षं राहिलंय. या दोन्ही गाड्या एकाच आठवड्यात रंगाला आल्या होत्या. दोघींच्या पट्ट्या काढून मी त्या खिळ्याला अडकवल्या."

सगळ्यांनी वर पाहिलं. खिळ्याला आता कॅलेंडर होतं.

"परत ठोकल्यावर मनात आलं, अदलाबदल तर झाली नाही? पण मिस्त्रींच्या हातून चूक होत नाही, असं मामा, तुम्ही चारचौघांत सांगत होतात. जीभ रेटली नाही. दाराच्या आतल्या पत्र्यावर कारखान्यातला माणूस निळ्या पेन्सिलीनं तारीख टाकतो. त्यावरचं अस्तर उघडायचा मला धीर झाला नाही."

चाळीस वर्षांचं नाव हा माणूस आज आपणहून जमिनीवर ठेवत होता. मामांनीच आपल्या गाडीच्या दाराच्या अस्तराचे स्क्रू काढले. आत निळी अक्षरं: नऊ सप्टेंबर एकोणसत्तर.

"आता ती," वकील म्हणाले.

"माझी कशाला?"

"दाढ किडली ती किडली, डॉक्टर."

डॉक्टरांच्या दारात निघालं: अठरा नोव्हेंबर.

डॉक्टरांनी पुन्हा पुस्तक उघडलं, दहा मिनिटं पानं उलटली आणि प्रसन्न मुद्रेनं मान वर केली. "खरं म्हणजे मॉडेलचं साल ही विक्रीची सोय. शास्त्र बघाल, तर गाडी बनली ते कॅलेंडरचं साल प्रमाण."

"म्हणजे नोव्हेंबर एकोणसत्तर?" घड्याळजींनी विचारलं.

"एकोणसत्तरच की! लहान मूलसुद्धा सांगेल."

ठराव एकमतानं झाला. मिस्त्री मात्र मान खाली घालून उभे. "मामा, मी नको. चूक केलीय मी."

"पट्टीची चूक, मिस्त्री. पट्टीवर गाडी चालत नाही. शर्टाला इस्त्री केलीत का, ते सांगा."

मिरवणुकीत दोन हिरव्या गाड्या मागेपुढे निघाल्या. डॉक्टर दोन्ही बाजूंना हात हलवत होते. मिस्त्री पांढऱ्या शर्टात, हात गुडघ्यांवर दाबून, अंग चोरून बसलेले. अर्ध्या वाटेत ते मामांच्या कानाशी वाकले. "डावीकडून बारीक आवाज येतोय. घरी गेलो की खाली शिरून बघतो."

गोष्ट एवढीच. जिच्या सालावरून एवढा खल झाला, त्या गाडीला आज विसरलात तरी चालेल. पण कुठे भिंतीत रिकामा खिळा दिसला, तर त्या मिस्त्रींना तेवढं आठवा, आणि जमलं तर त्यांच्यासाठी हात जोडा.