गरुडाच्या पंखाखालचा कान

नोरीनाच्या पत्राची घडी झिजून फाटायला आली, तरी तार्चिझिओ मास्तरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

तिच्या नवऱ्याला, दुईलिओला, द्राक्षमळा नांगरताना चांदीचं नाणं सापडलं. कायद्याप्रमाणे त्याने ते आक्विलेयाच्या संग्रहालयात नेऊन दिलं. नाण्यावर नाव होतं सम्राट ऑगस्टसचं, पण डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट. जत्रेतला एक नाण्यांचा जाणकार वर्णन ऐकूनच म्हणाला, "चांदीवर असा मुकुट यायला ऑगस्टस मरून दोनशे वर्षं उलटली होती. बनावट आहे." मग काय, दुईलिओने नाणं स्वतःच पुरलं असं म्हणत गाव हसू लागलं. आता तो अंथरुणाला खिळला होता. 'खोटं असलं तरी सांगा मास्तर, पण सांगा,' नोरीनाने लिहिलं होतं.

ऑगस्टसनंतर सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी आलेल्या डेसिअस सम्राटाने देवपदाला गेलेल्या जुन्या सम्राटांची अशीच मुकुटवाली नाणी पाडली होती, हे मास्तर जाणून होते. पण त्यांच्याही नकला होतातच. जन्मभर लॅटिन शिकवलेल्या माणसाची जीभ 'बहुधा'च्या पुढे सरकत नव्हती.

शेवटी ते संग्रहालयात गेले. तिथला संग्रह सांभाळणाऱ्या लोरेदानाबाईंनी नाण्याची पेटी उघडली.

"या मास्तर! मला वाटलं, दुईलिओच्या अंत्यविधीलाच उगवाल."

"चुकलो तर, बाई?"

"चुका की! इथले निम्मे पुतळे नाकाविना उभे आहेत. त्यांचं काही अडलंय?"

एका बाजूला ऑगस्टस, नावाआधी 'दिवो', म्हणजे देव झालेल्याला. मागे गरुड, आणि कडेने देवपदाला नेल्याचा शब्द. सगळं जिथल्या तिथे होतं. पण तेवढं नकलेतही असतंच. मास्तरांनी नाणं खिडकीच्या तिरप्या उजेडात धरलं आणि जुन्या सवयीने त्यावर हळूच फुंकर घातली. चांदी धुकटली. वाफ विरू लागली, तसा गरुडाच्या पंखाखाली एक कान उमटला. मग दाढीची कड. मग मानेची रेघ.

"बाई," मास्तर नाणं पुढे करत म्हणाले, "खाली दुसराच कुणी आहे."

लोरेदानाबाई भिंगावर वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

टांकसाळीने जुनं नाणं वितळवलंच नव्हतं. एका सम्राटाचा चेहरा ठोकून त्यावर गरुड, आणि उलट बाजूला ऑगस्टस उठवला होता. राज्य डळमळत होतं, म्हणून मेलेल्या देवांना पुन्हा हाक मारली होती. आणि त्या घाईत हा कान मिटायचा राहून गेला होता.

"नक्कल करणारा कोरं, साफ नाणं पाडील. हे कशाला करील?" मास्तर म्हणाले.

"आता श्वास तरी घ्या," बाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते.

मास्तरांनी तिथेच बसून उत्तर लिहिलं. 'नाणं बहुधा खरं आहे.' मग 'बहुधा' खोडलं. खोडलेलं दिसत राहिलं, तेव्हा नवा कागद घेतला. 'दुईलिओ, नाणं खरं आहे. तुझ्या मळ्यात एक नव्हे, दोन सम्राट झोपले होते.'

तंबाखूच्या दुकानाबाहेरच्या लाल टपालपेटीपाशी त्यांचा हात घटकाभर अडला. मग पाकीट आत पडलं.